मुंबई ते न्यूयॉर्क : तिकिटावरचे तास आणि शरीराचे तास

मुलगा-सून किंवा लेक-जावई अमेरिकेत, म्हणून साठी-सत्तरीतले आईवडील पहिल्यांदाच विमानात बसतात, हे आता आपल्या गावातही नवलाचे राहिलेले नाही. निघण्यापूर्वी ते दवाखान्यात येतात. परवा एक आजोबा तिकीट दाखवून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, रात्री दोनला निघून त्याच दिवशी सकाळी आठला पोचणार. सहा तासांचा तर प्रवास!"

हा हिशेब फसवा आहे. मुंबई-न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानालाही १५ ते १६ तास लागतात. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे उन्हाळ्यात ते सहा तास खरे साडेपंधरा तास होतात. शिवाय गावाहून मुंबईपर्यंतची एस.टी. आणि विमानतळावरचे तीन तास वेगळेच.

इतका वेळ बसून राहिल्याने पोटरीतील रक्तप्रवाह मंदावतो आणि शिरेत गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले की, चार तासांहून अधिक प्रवासात हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही निरोगी माणसांत तो साधारण सहा हजारांत एक एवढाच असतो. त्यामुळे घाबरू नये, पण पुढील काळजी घ्यावी :

• दर तासा-दोन तासांनी उठून चार पावले चालावे. बसल्या जागी पाऊल वर-खाली हलवावे.
• विमानातील हवा फार कोरडी असते. लघवीला उठावे लागेल म्हणून पाणी टाळू नये.
• मद्य व झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नये.
• नुकतेच ऑपरेशन झालेले, कर्करोगाचे रुग्ण, तसेच पूर्वी गुठळी किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नये.

मधुमेहींसाठी एक खास सूचना. पश्चिमेकडे जाताना तो दिवस साडेनऊ-दहा तासांनी लांबतो. त्यामुळे इन्सुलिन केव्हा व किती घ्यायचे, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवावे. विमानाच्या सामानकक्षात ते गोठू शकते. सर्व औषधे मूळ पाकिटात, चिठ्ठीसह जवळ बाळगावीत.

पोचल्यावर झोपेची घडी बसायला आठवडाभर लागू शकतो. दिवसा उजेडात फिरावे, रात्रीच झोपावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. "पोरांना उगाच खर्चात कशाला पाडायचे?" म्हणून आपली माणसे परदेशात दुखणे अंगावर काढतात. प्रवासानंतरच्या काही आठवड्यांत एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखले, तर तिथे ९११ क्रमांक फिरवावा. निघण्याआधी आरोग्य विमा उतरवावा आणि अर्जात जुने आजार लपवू नयेत. खर्चाची धास्ती नसली, तर दुखणे वेळीच सांगितले जाते आणि जीव वाचतो.