नेपाळचा राजेश दाइ

एक शब्द वाचून बघा : देउता.

वाचलात? काय अर्थ असेल? देवता. बरोबर. आता दुसरा वाचा : आमा. आमा म्हणजे आई. हे दोन्ही शब्द मराठी नाहीत, नेपाळी आहेत. तरी तुम्हाला ते वाचता आले. कारण तुम्ही पाटीवर जी अक्षरे गिरवलीत, त्याच अक्षरांत नेपाळी भाषा लिहितात. उद्या तुम्ही काठमांडूच्या रस्त्यात उभे राहिलात, तर भिंतीवरची सिनेमाची जाहिरात तुम्हाला वाचता येईल. सगळे कळणार नाही, पण नाव तरी वाचाल. तीसेक वर्षांपूर्वी तिथे गेला असता, तर त्या जाहिरातींवर एक नाव पुन्हा पुन्हा दिसले असते : राजेश हमाल.

हा नेपाळी सिनेमातला नट. त्याचीच हकीकत आज सांगायची आहे.

नेपाळ म्हणजे बिहार आणि उत्तर प्रदेश यांच्या वरच्या अंगाचा देश. निम्म्याहून अधिक मुलूख डोंगराचा. शेती थोडी, पोट मोठे. म्हणून तिथले कितीतरी लोक कामासाठी आपल्याकडे येतात. मुंबई-पुण्याला रात्री शिटी वाजवीत राखण करणारा गुरखा तुम्ही पाहिला असेल. आमच्या तालुक्याच्या गावी चायनीजच्या गाडीवर एक नेपाळी पोरगा काम करतो. त्याला आम्ही सहज विचारले, ‘काय रे, राजेश हमाल माहीत आहे का?’ तर हातातली कढई तशीच ठेवून तो हसायलाच लागला. म्हणाला, ‘राजेश दाइ? त्याला कोण ओळखत नाही?’

दाइ म्हणजे दादा, थोरला भाऊ. नेपाळात अनोळखी माणसालाही दाइ म्हणतात. पण नटाला साऱ्या देशाने दाइ म्हणावे, हे काही फुकट होत नाही.

आधी नेपाळी सिनेमाबद्दल थोडे सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट मुंबईत आणला. नेपाळी भाषेतला पहिला चित्रपटही हरिश्चंद्राचाच, ‘सत्य हरिश्चंद्र’. तो निघाला 1951 साली, आणि तयार झाला कुठे, तर कलकत्त्याला. त्याच साली नेपाळातली राणा घराण्याची सत्ता संपली. देशात तयार झालेला पहिला चित्रपट ‘आमा’. तो 1964 सालचा. तो कोण्या शेठजीने काढला नव्हता, सरकारच्या माहिती खात्याने काढला. रजेवर घरी आलेल्या एका शिपायाची ती गोष्ट. नेपाळात घरोघरचे तरुण पलटणीत जातात, तेव्हा ती गोष्ट त्यांच्या घरचीच म्हणायची. पण त्यानंतर किती वर्षे गेली तरी नेपाळी चित्रपट मोजकेच निघत. थेटरात चाले तो हिंदी सिनेमा. नायक हिंदीत रडे, हिंदीत लढे, आणि डोंगरातून आलेला माणूस कळेल तेवढे कळून घेई.

अशा देशात 1964 सालीच राजेश हमालचा जन्म झाला. गाव तानसेन, जिल्हा पाल्पा. गाव डोंगरावरचे, पण घर मोठे. वडील सरकारच्या परदेश खात्यात. पुढे ते पाकिस्तानात नेपाळचे राजदूत झाले. राजदूत म्हणजे आपल्या देशाच्या वतीने दुसऱ्या देशात राहून कारभार पाहणारा मोठा अधिकारी. मुलाचे काही शिक्षण रशियातल्या मॉस्को शहरात झाले. नंतर चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातून तो इंग्रजी साहित्य घेऊन एम. ए. झाला. आता असा मुलगा काय होईल? मोठा साहेब होईल, प्राध्यापक होईल, बापासारखा राजदूत होईल. मुलाने ठरवले, नट व्हायचे.

वडिलांना हे पसंत पडले नाही. पडणार कसे? आपल्याकडेसुद्धा ‘नाटक्या’ ही शिवीच होती.

इथे आम्हाला आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही शाळेवर मुख्याध्यापक होतो, तेव्हा सातवीत एक पोरगा होता. गणितात भोपळा, पण कोणाचीही नक्कल करावी तर त्यानेच. एकदा त्याने मधल्या सुट्टीत आमची नक्कल केली. आमचे खाकरणे, धोतर सावरणे, सगळे हुबेहूब. पोरे लोळत होती. आम्ही दारात उभे राहून पाहिले आणि मग वेताची छडी काढली. ‘तमाशात जायचे आहे का?’ असे विचारून हातावर सहा छड्या दिल्या. तो रडला नाही. पुढच्या वर्षी शाळा सोडून खरोखरच एका फडाबरोबर गेला. त्याने नाव काढले की धुळीला मिळवले, ते आम्हाला कधी कळले नाही. पण राजेश हमालच्या वडिलांचा राग वाचला, तेव्हा त्या सहा छड्या आठवल्या. राजदूत काय आणि मास्तर काय, भीती एकच.

असो. नात्यातलेच दीपक रायमाझी हे चित्रपटाचे दिग्दर्शक होते. त्यांनी राजेशला पडद्यावर आणले. 1991 साली पहिला चित्रपट लागला. नाव वाचून बघा : ‘युग देखि युग सम्म’. देखि म्हणजे पासून, सम्म म्हणजे पर्यंत. युगापासून युगापर्यंत. त्याच साली तुलसी घिमिरे या दिग्दर्शकाचा ‘देउता’ आला. तो लोकांनी डोक्यावर घेतला. उंच, भरदार, मानेवर रुळणारे लांब केस, खर्जातला आवाज. अन्याय दिसला की हा गर्जना करून उडी घेणार. नेपाळात 1990 साली मोठे जनआंदोलन झाले होते, राजाची एकहाती सत्ता जाऊन पक्षांना मोकळीक मिळाली होती. 1991 साली निवडणूक झाली. लोकांच्या अंगात नवा जोर होता. अशा वेळी पडद्यावर एक नायक उभा राहिला आणि सावकाराला, गुंडाला, दरबारी माणसाला लोकांच्याच भाषेत दरडावू लागला. लोकांना दुसरे काय पाहिजे होते?

मग चित्रपटांची रांगच लागली. करिश्मा मानंधर, जल शाह, विपना थापा अशा नायिका, आणि नायक हाच. दोनशेहून अधिक चित्रपटांत त्याने काम केले. आकडा मोठा आहे. आपण हिशोब करून पाहू. पंचवीस वर्षे धरली तरी दोनशे भागिले पंचवीस, म्हणजे वर्षाला आठ. दीड महिन्याला एक सिनेमा! हे कसे जमते?

असे पाहा. सिनेमा सलग घेत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी घेतात. आज शेवटची मारामारी घेतील, उद्या पहिले गाणे. मग ते तुकडे जोडतात. त्यामुळे नटाला एका वेळी चार-पाच चित्रपटांत काम करता येते. सकाळी एकाचे, दुपारनंतर दुसऱ्याचे. एकाच बैलजोडीवर पाच घरची पेरणी उरकावी, तसेच.

पण एकाच बैलजोडीवर भार का? दुसरे बैल नव्हते का? होते. पण सिनेमाला पैसा लागतो, आणि तो बहुधा कर्जाऊ असतो. 1991 च्या शिरगणतीत नेपाळची वस्ती सुमारे 1 कोटी 85 लाख भरली. त्यातल्या साधारण निम्म्यांचीच मायबोली नेपाळी. डोंगरातला माणूस थेटर गाठायचा म्हणजे कितीतरी वाट तुडवून खाली उतरणार. गिऱ्हाईक थोडे, आणि शेजारी हिंदी सिनेमाचे मोठे दुकान. मग पैसे घालणारा म्हणे, ‘राजेश दाइ आहे ना? मग घालतो.’ थेटरवालाही तेच विचारी. त्या एका नावावर रंगवाले, दिवेवाले, गाणारे, वाजवणारे, किती तरी घरच्या चुली पेटत होत्या.

याचा तोटाही झाला. तो न सांगणे बरे नाही. नातवाच्या मोबाइलवर आम्ही यातले चार-पाच चित्रपट पाहिले. खरे सांगायचे तर तिसऱ्या चित्रपटाला आम्हाला पुढचे सगळे आधीच कळू लागले. आता बहिणीवर संकट येणार, आता आमा रडणार, आता राजेश दाइ दार फोडून येणार. इंग्रजी साहित्याचा एम. ए., आणि वर्षानुवर्षे दारे फोडतो आहे! त्याची अक्कल कुठे वापरली, असे मनात आले. ‘वसन्ती’ हा 2000 सालचा चित्रपट जरा वेगळा. डायमंड शमशेर राणा यांची राजवाड्यातल्या कारस्थानांची एक कादंबरी आहे, त्यावरून तो काढला. असे आणखी निघायला हवे होते.

पण तो काळही कठीण होता. 1996 पासून 2006 पर्यंत नेपाळात माओवादी आणि सरकार यांची लढाई चालली. हजारो माणसे मेली. संचारबंदी लागली की रात्रीचे खेळ बंद. संध्याकाळी जीव मुठीत धरून सिनेमाला कोण जाणार? मध्येच 2000 सालच्या डिसेंबरात अफवा उठली की हृतिक रोशन हा हिंदी नट नेपाळी लोकांबद्दल वाईट बोलला. तो म्हणाला, ‘मी असे बोललोच नाही.’ पण ते ऐकायला लोक थांबले कुठे? काठमांडूत दंगल झाली, माणसे मेली, हिंदी सिनेमाचे खेळ बंद पडले. कोणी काही सांगितले तर कुठे छापले आहे, कोणी म्हटले आहे, एवढे तरी विचारावे.

पुढे लोकांची आवड बदलली. 2012 साली ‘लुट’ नावाचा चित्रपट आला. निश्चल बस्नेत हा त्याचा तरुण दिग्दर्शक. त्यात देखणा नायक नाही, दार फोडणे नाही. काठमांडूच्या गल्लीतली फाटकी माणसे बँक लुटायला निघतात, आणि बोलतात ती गल्लीतलीच भाषा. तरुण पोरांनी तो उचलून धरला. तीच पोरे राजेश हमालच्या जुन्या चित्रपटांना हसू लागली. त्याची ‘हे!’ अशी आरोळी, मानेला हिसडा देऊन केस मागे टाकणे, या सगळ्याच्या नकला होऊ लागल्या. ज्याला महानायक म्हणत होते, त्याची चेष्टा. दुसरा कोणी असता तर घरात बसला असता, नाहीतर भांडत सुटला असता. हा ते हसून घेत राहिला. 2014 साली पन्नाशीच्या दाराशी आल्यावर त्याने लग्न केले, तेव्हा देशभर अशी चर्चा झाली, जणू प्रत्येकाच्या घरातलाच थोरला भाऊ एकदाचा बोहल्यावर चढला.

मग 2019 साली तो टीव्हीवर आला. आपल्याकडे अमिताभ बच्चन प्रश्न विचारतात, तसाच नेपाळी कार्यक्रम. त्याचे नाव तुम्हीच वाचा : ‘को बन्छ करोडपति’. को म्हणजे कोण. बन्छ म्हणजे बनतो. बक्षीस एक कोटी नेपाळी रुपये. समोर खुर्चीवर साधी माणसे येऊन बसायची, आणि राजेश हमाल शांतपणे, कुठेही उडी न मारता, त्यांना इतिहासाचे, भूगोलाचे, पुस्तकांचे प्रश्न विचारायचा. वडिलांनी ज्या शिक्षणावर खर्च केला, ते शिक्षण इतक्या वर्षांनी पडद्यावर आले. मास्तर म्हणून आम्हाला त्याचे हेच काम सर्वांत आवडले. पण मास्तरची आवड ती मास्तरची.

गाडीवरच्या पोराला आम्ही ते सांगितले. त्याने मान हलवली. म्हणाला, ‘ते ठीक आहे. पण गाडी बंद केल्यावर मी मारामारीवालेच बघतो.’ रात्री बारा वाजता, भांडी घासून झाल्यावर, हातपाय दुखत असताना. का, म्हणून विचारले. तो जरा थांबला. ‘माझी आमा अशीच बोलते,’ म्हणाला. आणि पुन्हा कढईकडे वळला.