पाच पौंडांच्या नोटेवरील चेहरा

ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्थानकावर तिकीट काढल्यानंतर सुट्ट्या पैशांत पाच पौंडांची एक नोट तिच्या हाती आली आणि नेहमीच्या सवयीने तिने त्या पाचाला मनातल्या मनात गुणले. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये पौंडाचा भाव नव्वद रुपयांच्या वर होता. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाहून पदव्युत्तर शिक्षणासाठी येऊन तिला जेमतेम महिना झाला होता. त्या महिन्यात कॉफीचा एक पेलाही तिने रुपयांत मोजल्यावाचून घेतला नव्हता. राहते घर तारण ठेवून काढलेले शैक्षणिक कर्ज आणि त्याला काकांचा जामीन, हे ओझे तिच्यासोबत विमानातूनच आले होते. एडिंबरोला जाण्याचा मैत्रिणींचा बेत तिने दोनदा टाळला होता. अखेर व्याख्याने नसलेल्या एका शुक्रवारी, डब्यात पोळीभाजी घेऊन, ती एकटीच निघाली.

ग्लासगो ते एडिंबरो हा आगगाडीचा प्रवास सुमारे पन्नास मिनिटांचा. गाडी ज्या स्थानकात थांबते त्याचे नाव वेव्हर्ली. सर वॉल्टर स्कॉट यांच्या १८१४ मधील कादंबरीवरून ते पडले. स्थानकाबाहेर येताच उजेडात तिने ती नोट पुन्हा पाहिली. बँक ऑफ स्कॉटलंडच्या त्या नोटेवर स्कॉट यांचेच चित्र होते. एका कादंबरीकाराला बँकेने नोटेवर स्थान का द्यावे, हा प्रश्न घेऊन तिची भ्रमंती सुरू झाली.

स्थानकापासून चढण चढून गेले की ‘माउंड’ नावाचा भराव लागतो. अठराव्या शतकात एडिंबरोची नवी वसाहत उभारताना पायांसाठी खणलेली माती येथे टाकली गेली आणि तिचाच हा रस्ता झाला. त्यावर बँक ऑफ स्कॉटलंडची भव्य इमारत उभी आहे. ही बँक १६९५ साली, म्हणजे बँक ऑफ इंग्लंडनंतर अवघ्या एका वर्षाने, स्थापन झाली. इमारतीत २००६ साली पैशाचे संग्रहालय सुरू झाले. प्रवेशशुल्क नाही हे पाहून ती निर्धास्तपणे आत शिरली. जुनी नाणी, नोटा आणि तिजोऱ्या पाहता पाहता ती एका काचपेटीपाशी थबकली. पेटीत दहा लाख पौंडांच्या रद्द केलेल्या नोटा रचून ठेवल्या होत्या. या वेळी मात्र रुपयांत हिशेब करण्याच्या फंदात ती पडली नाही.

बाहेर येऊन हाय स्ट्रीटवरून चालताना तिला वर्गातला एक धडा आठवला. याच शहरात १७२७ साली रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड स्थापन झाली. पुढच्याच वर्षी त्या बँकेने विल्यम हॉग नावाच्या व्यापाऱ्याला आपल्या खात्यातील शिलकीपेक्षा एक हजार पौंडांपर्यंत अधिक रक्कम उचलण्याची मुभा दिली. ‘कॅश क्रेडिट’ची ही सुरुवात मानली जाते. विश्वासू जामीनदार द्यावेत, गरजेपुरती रक्कम उचलावी, हाती पैसा येईल तसा थोडाथोडा भरावा आणि व्याज वापरलेल्या रकमेवरच द्यावे, अशी ही पद्धत. ॲडम स्मिथ यांनी १७७६ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले आहे. ते ग्लासगो विद्यापीठाचे विद्यार्थी आणि पुढे तेथेच प्राध्यापक होते. त्यांची समाधी याच रस्त्याच्या खालच्या टोकाला, कॅननगेटच्या चर्चच्या आवारात आहे. त्या समाधीपाशी उभी असताना तिला आठवले ते वडिलांचे बी-बियाणे आणि खतांचे दुकान. महिनाअखेरीस शिल्लक मालाचे पत्रक घेऊन ‘सीसी’साठी बँकेत जाणारे वडील ती लहानपणापासून पाहत आली होती. त्या दोन अक्षरांचे मूळ गाव आपण पायी फिरत आहोत, हे तिच्या आता ध्यानात आले.

दुपारी प्रिन्सेस स्ट्रीटच्या बागेत डबा खाल्ल्यावर ती स्कॉट यांच्या स्मारकासमोर आली. सुमारे ६१ मीटर उंचीचे हे स्मारक एका लेखकाचे आहे. नोटेचे कोडे येथे उलगडते. १८२६ साली ब्रिटिश सरकारने पाच पौंडांखालील नोटा बंद करण्याचे ठरविले. स्कॉटलंडचा सारा व्यवहार एक पौंडाच्या नोटेवर चालत असे. स्कॉट यांनी टोपणनावाने पत्रे प्रसिद्ध करून कडाडून विरोध केला आणि स्कॉटलंडपुरता तो बेत सरकारला सोडावा लागला. नोटेवरील चित्र ही त्याचीच कृतज्ञ आठवण.

परंतु त्याच वर्षी जानेवारीत स्कॉट स्वतः बुडाले होते. ज्या मुद्रणसंस्थेत त्यांची भागीदारी होती ती आणि त्यांचे प्रकाशक एकाच वेळी कोसळले. एक लाख वीस हजार पौंडांच्या आसपास कर्ज त्यांच्या शिरावर आले. दिवाळे जाहीर करून मोकळे होण्याचा मार्ग त्यांनी नाकारला. सावकारांकडून त्यांनी फक्त मुदत मागितली आणि १८३२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते लिहीत राहिले. उरलेली बाकी त्यांच्या मागे, ग्रंथांच्या हक्कांच्या उत्पन्नातून फिटली.

ती स्मारकाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिली. सायंकाळी पाच वाजता, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊला, तिने वडिलांना फोन लावला. सीसीची कथा ऐकून ते मनमुराद हसले. “म्हणजे आपली सीसी तिकडूनच आली म्हण की!” मग तिने धीर करून विचारले, “बाबा, हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतील, पण व्याज आतापासूनच चढतंय ना?”

पलीकडे क्षणभर शांतता होती. “चढत नाही,” वडील म्हणाले. “पहिल्या महिन्यापासून व्याज मी भरतोय. शाखेतल्या साहेबांनीच सुचवलं. मुद्दल तेवढं तुझ्यासाठी ठेवलंय. आणि अगं, एवढ्या लांब गेलीस, तर जरा फिरूनही घे. ते काही बुडित खर्चात धरायचं नाही.”

शैक्षणिक कर्जात शिक्षणकाळात हप्त्यांना सवलत असते. व्याजाची आकारणी मात्र सामान्यतः चालूच राहते आणि ते साचले तर पुढील हप्ता वाढतो. ज्या कुटुंबाला जमते त्याने ते वेळोवेळी भरणे हिताचे, हे प्रत्येक शाखेत सांगितले जाते. या घरात ते कोणी कोणाला न सांगता केले गेले होते.

परतीच्या गाडीत तिने वहीत दोन रकाने आखले. एकात मुद्दल आणि दुसऱ्यात नोकरी लागल्यावर दरमहा भरता येईल अशी रक्कम लिहिली. मनावरचे ओझे आता हिशेबात उतरले होते आणि हिशेबाला शेवट असतो. स्कॉट यांचे चित्र असलेली ती नोट तिने आठवण म्हणून जपून ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी तांदूळ आणि डाळ आणताना ती खर्च झाली. दुकानातून परतताना मात्र, त्या महिन्यात पहिल्यांदाच, तिने पाचाला नव्वदने गुणले नाही.