तीनचाकी सायकल गाडीत घालून वाळवंटात कशी न्यायची? बर्निंग मॅनच्या निमित्ताने समजून घेऊया

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात ब्लॅक रॉक नावाचं वाळवंट आहे. दरवर्षी ऑगस्टच्या शेवटी तिथे साधारण ७० हजार माणसांचं एक तात्पुरतं शहर उभं राहतं आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, म्हणजे लेबर डेला, उत्सव संपला की ते गुंडाळलं जातं. हा बर्निंग मॅन उत्सव. १९८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रकिनाऱ्यावर लाकडी पुतळा जाळण्यापासून त्याची सुरुवात झाली आणि १९९० पासून तो वाळवंटात होऊ लागला.

आता यात तीनचाकी सायकल कुठून आली? तर या शहरात तुमची कार कॅम्पपर्यंत नेता येते, पण तिथून पुढे ती जागेवरच उभी राहते. परवाना घेतलेल्या सजवलेल्या गाड्या सोडल्या तर फिरायचं पायी किंवा सायकलवर. ज्यांना दोन चाकांवर तोल सांभाळता येत नाही, ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांना पाण्याचे कॅन आणि बर्फ वाहून न्यायचा असतो, त्यांच्यासाठी मोठ्यांची तीनचाकी म्हणजेच ॲडल्ट ट्रायसिकल हाच सोपा उपाय. ती नसेल तर असा माणूस आठवडाभर तंबूतच अडकून पडतो.

कॅलिफोर्नियात सॅन होजे, फ्रीमाँट, सनीव्हेल या भागात राहणारी बरीच मराठी मंडळी आहेत आणि हा उत्सव त्यांच्यापासून एका दिवसाच्या ड्रायव्हिंगवर आहे. म्हणून आज बघूया, २५-३० किलोची ही वस्तू हायवेवरून सुरक्षित कशी न्यायची आणि परत कशी आणायची.

तीनचाकी नेणं वेगळं का?

साधी सायकल सपाट असते. ती गाडीच्या मागच्या रॅकवर टांगता येते. तीनचाकीचं मागचं ॲक्सल साधारण ७५ ते ८० सेंटीमीटर रुंद असतं, लांबी जवळपास ६ फूट आणि मागे भलीमोठी बास्केट. त्यामुळे नेहमीच्या सायकल रॅकवर ती बसतच नाही. जबरदस्तीने टांगली तर एक चाक गाडीच्या बाजूला बाहेर डोकावतं आणि शेजारच्या लेनमधल्या वाहनाला धोका होतो.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. तीनचाकी आपली आपण उभी राहते. पिकअपमध्ये चढवली की ती स्थिर दिसते आणि माणसाला वाटतं, एक दोरी मारली की झालं. पण तिला चाकं आहेत, ती घरंगळणारच. वळणावर तिचं वजन बाहेरच्या बाजूला जातं आणि पुढे एकच चाक असल्यामुळे ती पुढच्या कोपऱ्यावर कलंडू शकते.

आधी मोजमाप घ्या

फोनमध्ये मोजमाप घेणारं ॲप असतं. अंदाजासाठी ते ठीक आहे, पण दोन-तीन सेंटीमीटरचा फरक पडू शकतो आणि इथे तेवढ्यानेच काम अडतं. म्हणून टेपच वापरा. फोन वापरायचा तो फोटो काढायला. मोजायचं काय?

- सायकलची सर्वात जास्त रुंदी, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या एका नटापासून दुसऱ्या नटापर्यंत
- लांबी, पुढच्या टायरपासून बास्केटच्या टोकापर्यंत
- उंची, हँडल आणि सीट खाली करून
- गाडीचं मागचं दार उघडल्यावर मिळणारी मोकळी जागा. आतली जागा मोठी असते, दाराची चौकट लहान असते.

कोणत्या गाडीत कशी न्यायची?

१. मिनीव्हॅन. मागच्या सीट काढल्या किंवा जमिनीत दुमडल्या की हा सर्वात चांगला पर्याय. सायकल आत, धूळ बाहेर, वाऱ्याचा त्रास नाही. पण आत ठेवली म्हणजे बांधायची नाही असं नाही. धडक होऊन क्षणभर २० पट मंदन झालं, तर २५ किलोची सायकल ५०० किलोच्या जोराने पुढे येईल. त्या वाटेत तुमची मान आहे. सीटसाठी फरशीत जे लोखंडी हूक असतात त्यांनाच ती बांधा.

२. पिकअप ट्रक. मागचा हौदा साडेपाच, साडेसहा किंवा आठ फुटी असतो. साडेपाच फुटीत सहा फुटी सायकल सरळ ठेवली तर फाळका बंद होत नाही. मग बास्केट काढून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. नाहीतर फाळका उघडा ठेवून न्यावी लागते. कॅलिफोर्नियात सामान मागे ४ फुटांपेक्षा जास्त बाहेर आलं तर दिवसा लाल कापड आणि रात्री लाल दिवे लावावे लागतात. पण तीनचाकी एवढी बाहेर येत असेल तर गाडीच चुकीची निवडली आहे असं समजा.

३. हिचवरचं कॅरिअर. एसयूव्हीच्या मागे चौकोनी नळी असते, तिला हिच रिसीव्हर म्हणतात. तो सव्वा इंची किंवा दोन इंची असतो. त्यात लोखंडी फळी बसवून तीनचाकी आडवी ठेवता येते. इथे वजनाचा हिशोब महत्त्वाचा. हलक्या प्रकारच्या हिचची उभी भार क्षमता साधारण ९० किलोच असते. कॅरिअर २५, सायकल २८ आणि वर पाण्याचे चार कॅन ठेवले की मर्यादा लगेच जवळ येते. शिवाय भार गाडीपासून जितका लांब, तितका हिचवर ताण जास्त. नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जाणार नाहीत हेही बघा.

४. छोटा ट्रेलर. दोन-तीन जणांच्या सायकली एकत्र न्यायच्या असतील तर हा बरा. लक्षात ठेवायचा नियम असा की, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गाडीला जोडणाऱ्या टोकावर यायला हवा. म्हणजे जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या किंचित पुढे. मागे जास्त वजन झालं की वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो आणि तो आवरणं अवघड असतं.

५. छतावर. नको. २५ किलोची वेडीवाकडी वस्तू डोक्याच्या वर उचलायची, तिथे ती वारा अडवणार आणि पेट्रोल पंपाच्या छताला अडकण्याची भीती वेगळीच.

बांधायची कशी?

अमेरिकेत मालवाहू गाड्यांसाठी नियम आहे: सामान पुढच्या दिशेला त्याच्या वजनाच्या ०.८ पट आणि मागे व बाजूंना ०.५ पट जोर सहन करेल असं बांधलेलं असलं पाहिजे. तुमची कार मालवाहू नाही, पण अंगठेनियम म्हणून तो उत्तम आहे. २५ किलोच्या सायकलसाठी पुढे २० किलो आणि बाजूला साडेबारा किलो. आकडे लहान वाटतात, पण खड्ड्यातले धक्के तासन्‌तास बसत राहतात आणि गाठ त्यानेच सैल होते.

पायरी १: पुढचं चाक गाडीच्या पुढच्या दिशेला करून ते भिंतीला टेकवा. म्हणजे ब्रेक लागला की सायकल भिंतीवर रेटली जाईल, पट्ट्यावर नाही.

पायरी २: पार्किंग ब्रेक लावा. बहुतेक तीनचाकींच्या हँडलवर तो असतो. चाकांच्या मागेपुढे लाकडाचे तुकडे ठेवा.

पायरी ३: कुलपासारखे आवळणारे रॅचेट पट्टे चार घ्या. पट्टा फ्रेमला लावायचा, चाकाच्या तारांना किंवा बास्केटला नाही. तारा वाकतात, रिम वाकडी होते.

पायरी ४: मागचे दोन पट्टे एकमेकांना ओलांडून, म्हणजे उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे लावा. त्याने बाजूला सरकणं थांबतं.

पायरी ५: टायर किंचित दबेपर्यंत आवळा, त्यापुढे नाही.

पायरी ६: पट्ट्याचं सुटं टोक गुंडाळून बांधा. ते फडफडत राहिलं तर कडा झिजते.

पट्ट्यावर दोन आकडे छापलेले असतात. मोठा आकडा पट्टा तुटण्याचा, लहान आकडा वापरण्याचा. तो साधारण मोठ्याच्या एक तृतीयांश असतो. हिशोब नेहमी लहान आकड्यावर करायचा.

वरून ताडपत्री टाकायचा मोह होतो. टाकू नका, ती शिडासारखी वारा पकडते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग ८० वरून ११२ किलोमीटर केला की तो जवळजवळ दुप्पट होतो. निघाल्यावर ३०-४० किलोमीटरवर एकदा थांबून पट्टे तपासा. पहिल्या टप्प्यात ते हमखास सैल होतात.

सायकल सुटी करायची असेल तर

सीट, बास्केट आणि हँडल हे तीनच भाग काढले तरी बरंच काम होतं. मागची चाकं काढायची असतील तर आधी फोनवर दोन्ही बाजूंचा व्हिडिओ घ्या. बऱ्याच मॉडेलमध्ये मागच्या दोनपैकी एकच चाक पेडलने फिरतं, दुसरं मोकळं असतं. त्यामुळे दोन्ही बाजूंचे वॉशर आणि नट वेगळे असू शकतात. झिप पिशवीवर ‘डावं’ आणि ‘उजवं’ लिहून ते वेगळे ठेवा. पाने सोबत घ्या. तिथे दुकान नाही. उत्सवात खरेदी-विक्रीच होत नाही, बर्फासारखे मोजके अपवाद सोडले तर.

बॅटरीवाली तीनचाकी असेल तर

४८ व्होल्ट, १५ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ७२० वॉट-तास. तुमच्या ५००० एमएएचच्या फोनची बॅटरी साधारण १९ वॉट-तासांची असते. म्हणजे जवळपास ३७ फोन एकत्र बांधल्यासारखं. म्हणून प्रवासात ती सायकलवरून काढा, टोकांवर झाकण लावा आणि एसी चालू असलेल्या केबिनमध्ये ठेवा. उन्हात बंद गाडीत सोडू नका आणि गरम असताना चार्जिंगला लावू नका.

भारतातून विमानाने अशी बॅटरी न्यायचा विचार असेल तर तो सोडा. १०० वॉट-तासांपर्यंत सहज परवानगी, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीला विचारून, त्यापुढे प्रवासी विमानात बंदी. पॉवर बँकेच्या भाषेत १०० वॉट-तास म्हणजे सुमारे २७,००० एमएएच. व्हीलचेअरसारख्या साधनांचे नियम वेगळे आहेत.

रस्ता आणि फोन

सॅन फ्रान्सिस्कोकडून आय-८० हायवे सिएरा नेवाडा डोंगर सुमारे २,२०० मीटर उंचीवर ओलांडतो. तिथे चढ-उतार आहेत आणि वाराही असतो. रीनोच्या पुढे वॉड्सवर्थला वळलं की ४४७ नंबरचा दोनपदरी रस्ता गर्लाक गावाकडे जातो, सुमारे १२० किलोमीटर. कडेला टोकदार खडी आहे, टायर तिच्यावर घालू नका. स्टेपनीत हवा आहे का ते रीनोतच बघा.

या रस्त्यावर बऱ्याच ठिकाणी नेटवर्क नसतं. ऑफलाइन नकाशा आणि तिकिटाची माहिती घरीच डाउनलोड करा. सायकलला ब्लूटूथ ट्रॅकर लावला तरी एक गोष्ट समजून घ्या. ट्रॅकरमध्ये स्वतःचं इंटरनेट नसतं, तो आसपासच्या फोनांमार्फत निरोप पाठवतो. फोनलाच नेटवर्क नसेल तर निरोप उशिरा पोहोचतो. तिथे साधं कुलूप आणि ओळखू येणारी रंगीत पट्टी जास्त कामाची.

परतीची तयारी

ब्लॅक रॉक म्हणजे एका प्राचीन तळ्याचा कोरडा तळ आहे. तिथली धूळ पिठासारखी बारीक आणि अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणधर्माची. ती चेन, बेअरिंग, फोनचं चार्जिंग पोर्ट सगळीकडे शिरते. चेनला पातळ तेल लावलं की धुळीचा लगदा होतो, म्हणून मेणासारखं कोरडं वंगण वापरतात. घरी आल्यावर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा, मग साध्या पाण्याने धुवा. व्हिनेगर आम्ल असल्यामुळे अल्कली मारली जाते.

पाऊस पडला तर हीच धूळ चिखल होऊन चाकांना थरांवर थर चिकटते. २०२३ मध्ये असंच झालं, गाड्या चालवायला बंदी आली आणि हजारो लोक अडकून पडले. अशा वेळी सायकल ओढू नका, जमीन सुकू द्या.

आणि शेवटचं. दरवर्षी दमलेली माणसं आपल्या सायकली तिथेच टाकून निघून जातात. आपला कचरा आपण परत न्यायचा हे उत्सवाच्या मूळ तत्त्वांपैकी एक आहे आणि टाकलेली सायकल दुसऱ्याला उचलावी लागते. म्हणून निघतानाचे चार पट्टे परतीसाठी जपून ठेवा, आणि परतीलाही तेवढेच नीट बांधा. त्या दिवशी तुम्ही जास्त थकलेले असता.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*दुमडणारी तीनचाकी घ्यावी का?* छोटी कार असेल तर हो. पण बिजागरीचा खटका प्रवासाआधी आणि नंतर तपासा. तो सैल झाला तर चालवताना फ्रेम दुमडू शकते.

*तिथे किती वेगाने चालवायची?* शहरात गाड्यांसाठी ताशी ५ मैल, म्हणजे ८ किलोमीटरची मर्यादा आहे. तीनचाकी वळताना झुकत नाही, त्यामुळे जोरात वळलात तर एक चाक उचललं जातं. सावकाशच बरं.

*रात्री काय?* पुढे-मागे दिवे हवेतच. मागची रुंदी लोकांना अंधारात कळत नाही, म्हणून दोन्ही मागच्या चाकांजवळ वेगवेगळे दिवे लावा.