सहा लाखांच्या पुढे

अपंगांना साधने पुरवणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत बहिऱ्या मुलांच्या कानात बसवायचे कॉक्लिअर इम्प्लांट आले 2014 मध्ये. त्या पहिल्या खेपेतली मुले आता दहावी-बारावीच्या आसपास आहेत, आणि माझ्या ओळखीतल्या काही पालकांच्या फोनवर यंदा जवळजवळ एकाच मजकुराचा निरोप येऊन पडला. कानामागच्या प्रोसेसरचे हे मॉडेल बंद झाले आहे, सुटे भाग मिळणार नाहीत, दुरुस्ती होणार नाही. जुना जमा करून नवा घ्यावा, सवलत मिळेल. सवलत वजा जाऊनही रक्कम लाखांत. एक वडील मला म्हणाले, ‘‘बाई, तुम्हीच तर म्हणाला होतात, सगळं फुकट आहे.’’ मी तसे म्हटले नव्हते. शिबिराच्या बॅनरवर तसे लिहिले होते.

एडिप 1981 पासून आहे. तिची पहिली तीस-बत्तीस वर्षे फार काही सांगावे अशी नाहीत. कानपूरच्या अलिम्को कारखान्यातून साधनांची खोकी यायची, मांडव पडायचा, हार-नारळ व्हायचे, खोकी रिकामी व्हायची. कर्णबधिर मुलाच्या वाट्याला छातीवर पट्ट्याने बांधायचे पॉकेट मशीन यायचे, त्याचा पेन्सिल सेल आणि तुटण्यासाठीच जन्मलेली वायर. अपंगांच्या हक्कांचा 1995 चा कायदा झाला. 1997 मध्ये अपंगांसाठी राष्ट्रीय वित्त महामंडळ निघाले, पण त्याचा सगळा ओढा स्वयंरोजगाराकडे. झेरॉक्स, शिलाई, पिठाची गिरणी. तीन वर्षांच्या मुलीने कानाच्या मशीनसाठी कोणता धंदा दाखवायचा, हे मला तेव्हाही कोणी सांगितले नाही. त्या ओबडधोबड मशीनचे एक मात्र होते: बिघडले तर इलाज गावात होता. आमच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेजवळचा रेडिओ दुरुस्तीवाला वायर डागून द्यायचा आणि मुलाचे मशीन म्हटल्यावर पैसे घ्यायचा नाही. त्याचे दुकान गेले, तिथे मोबाइलची कव्हरे मिळतात.

इम्प्लांटचे नाव आमच्या भागात पोचले ते साधारण 2005 नंतर. खर्च पाच-सात लाख. कोणी जमिनीचा तुकडा विकला, कोणी पतसंस्थेचे कर्ज काढले, कोणी भिशी आधी उचलली. मुख्यमंत्री साहाय्यता निधी, सिद्धिविनायक न्यास, टाटांचे न्यास असे अर्ज घेऊन बापमाणसे मुंबईच्या फेऱ्या मारत. भविष्यनिर्वाह निधीतून अपंगांच्या साधनासाठी आगाऊ रक्कम काढायची तरतूद होती, पण सदस्य स्वतः अपंग असेल तरच. मूल बहिरे असेल तर ती लागू नव्हती. कारखान्यातल्या एका फिटरला हे समजावून सांगताना माझीच जीभ जड झाली होती.

म्हणून 2014 आले तेव्हा आम्ही पेढे वाटले, आणि ते वाटायलाच हवे होते. एका मुलामागे सहा लाखांपर्यंत मदत. त्यात यंत्र, शस्त्रक्रिया, नंतरचे मॅपिंग म्हणजे यंत्राची जुळवणी, आणि स्पीच थेरपी. वांद्र्याची अली यावर जंग संस्था त्याची सूत्रे सांभाळणार. वर्षाला पाचशे मुले. पाचशे, साऱ्या देशात! आणि जन्मतः बहिऱ्या मुलाला पाच वर्षांच्या आत हे व्हायला हवे, कारण भाषा शिकण्याचे मेंदूचे वय थांबत नाही. श्रवणाची बेरा तपासणी, सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डाचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, यादीतला नंबर, आणि या सगळ्यापेक्षा वेगाने धावणारा पाचवा वाढदिवस. पुढच्या दहा वर्षांत माझे निम्मे शिकवणे या कागदांत गेले.

त्यातला उत्पन्नाचा दाखला मला अजून खुपतो. महिना पंधरा हजारांपर्यंत पूर्ण मदत, त्यापुढे वीस हजारांपर्यंत निम्मी, नंतर शून्य. म्हणजे पगार पंधरा हजारांवर एक रुपया जरी सरकला तरी घराने तीन लाख उभे करायचे. पगारपत्रक असलेला एसटीचा वाहक त्यात अचूक सापडे. वीस एकर बागाईतवाल्याच्या हाती मात्र दाखला हवा तेवढ्याचा पडे. मी हे एका अधिकाऱ्याला बोलून दाखवले तेव्हा त्यांनी मला शिकवण्याकडे लक्ष द्यायला सांगितले. 2022 मध्ये या मर्यादा साडेबावीस आणि तीस हजारांवर गेल्या, इम्प्लांटची रक्कम सात लाख झाली. कडा तशीच राहिली, फक्त पुढे सरकली.

डॉक्टर मंडळींशीही माझे एक जुने भांडण आहे. सगळ्यांशी नाही. स्विच-ऑनच्या, म्हणजे यंत्र पहिल्यांदा सुरू करायच्या दिवशी मूल दचकते, आई रडते, त्याचा व्हिडिओ निघतो. मग पालकांना बजावले जाते, आता घरात खुणा बंद. खुणांनी मूल आळशी होते म्हणे. मुलांनी खुणा सोडल्या, आयांनी त्यांचे हात धरले. आता प्रोसेसर बंद पडला की त्या मुलाकडे आवाजही नाही आणि खुणाही नाहीत. आठवडाभर केबलची वाट पाहणारी नववीतली मुलगी वर्गात नुसती बसून असते. तिच्या बहिऱ्या वर्गमित्रांचे हातांनी मस्त चाललेले असते.

केबल काही हजारांची, कॉइल त्याहून महाग. 675 नंबरचे सेल महिन्याच्या किराण्यात धरायचे. पावसाळ्यात यंत्र ओल धरते, म्हणून सुकवायचा डबा. हमीची मुदत संपली की हे सगळे घरावर. वर कवटीत बसवलेला भाग ज्या कंपनीचा, बाहेरचा प्रोसेसरही तिचाच लागतो. दुसऱ्याचा चालत नाही. सरकारने निविदा काढून कंपनी निवडली, पण तिच्याशी जन्मभराचे लग्न मुलाचे लागले. निविदेच्या वेळी वीस वर्षे सुटे भाग देण्याची अट घालून घेणे सरकारच्या हातात होते. एकटा बाप कंपनीशी काय घासाघीस करणार? आमच्याकडे साधन घ्यायला पैसा निघतो, साधन चालवायला निघत नाही. बदली प्रोसेसर एडिपमधून मिळालेले मूल मी पाहिलेले नाही. केरळात श्रुतितरंगम् योजना 2012 मध्ये सुरू झाली आणि तिथल्या पालकांनी बंद पडलेल्या प्रोसेसरवरून सरकारला सळो की पळो केले, तेव्हा कुठे देखभालीचा विषय सरकारी टेबलावर आला. आमचे पालक सोशिक. सोशिकपणाचे कौतुक मला कधीच कळले नाही.

3 डिसेंबर 2022 ला महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते झाले, त्याचा गाजावाजाही झाला. ग्रामपंचायतींनी उत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्चायचा असतो; प्रोसेसरच्या किमतीपुढे लहान गावाचे ते पाच टक्के म्हणजे उंटाच्या तोंडात जिरे. आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसी कानाबाहेरच्या उपकरणाला हात लावत नाहीत. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा श्रवणयंत्र सुटले, पण चाकाची खुर्ची पाच टक्क्यांत अडकली, आणि हे देशी उत्पादकाच्या भल्याचे आहे असा खुलासा आला. पगारदार पालकाला आयकरात 80डीडी कलमाची वजावट होती. 75 हजार, तीव्र अपंगत्वाला सव्वा लाख, पावत्या न मागता. सरकारने आजवर दिलेली ही सर्वांत शहाणी मदत, कारण ती दरवर्षी मिळे आणि सेलपासून रिक्षापर्यंत कशालाही पुरे. नव्या करप्रणालीत ती नाही, आणि आता नवी प्रणालीच आपोआप लागू होते. जुनी मागून घ्या म्हणतात. मागून घेण्यात या घरांची हयात गेली.

निरोप आलेल्या त्या वडिलांबरोबर मी तालुक्याच्या एका बँकेत गेले होते. दुचाकीला तिथल्या तिथे कर्ज मिळत होते. प्रोसेसरचे कोटेशन साहेबांनी उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, ‘‘हप्ते थकले तर गाडी ओढून आणता येते. हे काय ओढून आणू?’’ त्यांचे तर्कशास्त्र चोख होते. मग बायकोच्या पाटल्या तारण ठेवल्या. व्याज कमी पडावे म्हणून कर्जाचे कारण ‘शेती’ असे लिहिले. प्रोसेसर आठवड्यात आला, आणि त्याची केबल पहिल्याच पावसात गेली.