पडतळ बसते का?

जळगाव जिल्ह्यातल्या जिनिंगमध्ये सकाळचा पहिला फोन सरकीच्या दलालाला जातो. कापूस घ्यायचा असतो, रुई विकायची असते, तरी सुरुवात सरकीपासून होते. धरणगावकडच्या एका जिनिंगच्या ऑफिसात गेल्या हंगामात बऱ्याच सकाळी बसून मी हे पाहिलं आणि त्यामागचा हिशेब समजून घेतला. खानदेशात हिशेब म्हटलं की वह्या, सीए आणि मार्चअखेर आठवते. तो हिशेब झालेल्या गोष्टींचा असतो आणि त्याची गरज सरकारला आणि बँकेला असते. जिनिंग चालते ती वेगळ्या कागदावर. तो कागद रोज सकाळी नव्याने लिहिला जातो. त्याला व्यापारात पडतळ म्हणतात.

तिथे हा कागद लिहिणाऱ्या व्यवस्थापकांना सगळे आप्पा म्हणतात. संगणक समोर असतो, रात्रीचे न्यूयॉर्क वायद्याचे आकडे त्यावर उघडे असतात, पण पडतळ ते पाठकोऱ्या कागदावर पेनाने मांडतात. मला समजावं म्हणून त्यांनी गोल आकडे घेतले. कापूस ७,२०० रुपये क्विंटल. आत आलेल्या शंभर किलोतून रुई निघणार ३४ किलो, सरकी ६४ किलो आणि दोन किलो घट. घट म्हणजे पाला, माती, कवडी आणि उडालेला ओलावा. सरकीचा भाव ३,५०० रुपये क्विंटल धरला तर ६४ किलोचे २,२४० रुपये परत येतात. जिनिंग, प्रेसिंग, हमाली, वीज, व्याज असा सगळा खर्च क्विंटलला २५० रुपये. म्हणजे ७,२०० अधिक २५०, त्यातून २,२४० वजा. उरले ५,२१० रुपये, ते ३४ किलो रुईवर पडले. किलोला झाले १५३ रुपये २४ पैसे. रुईचा सौदा खंडीवर होतो आणि खंडी ३५६ किलोची. तेव्हा खंडीची पडतळ आली ५४,५५२ रुपये. बाजारात त्या दिवशी रुई ५५,००० ने जात असेल तर खंडीमागे ४४८ रुपये सुटतात. एक खंडी रुई पाडायला साडेदहा क्विंटलच्या आसपास कापूस लागतो, हे लक्षात घेतलं की ४४८ रुपये किती थोडे आहेत ते कळतं.

आता सरकी ३,५०० वरून ३,२०० वर आली असं धरा. कापसाचा भाव तोच, रुईचा भाव तोच. पडतळ एकदम २,०१० रुपयांनी वर चढते, ५६,५६२ होते आणि प्रत्येक खंडीला दीड हजारावर तोटा दिसू लागतो. सकाळचा पहिला फोन सरकीच्या दलालाला का, याचं उत्तर एवढंच आहे. सरकीला जोडउत्पादन समजून दुर्लक्ष करणारा जिनर खानदेशात टिकत नाही. तेलगिरण्यांची मागणी आणि ढेपेचा भाव, म्हणजे शेवटी दुभत्या जनावरांचा खुराक, यावर कापसाची खरेदी अवलंबून असते.

मग आप्पा तेच गणित उलटं मांडतात. रुई ५५,००० ला विकणार असू तर कापूस जास्तीत जास्त कितीला घ्यायचा? उत्तर येतं ७,२४३. हा आकडा गेटवरच्या माणसाला फोनवर सांगितला जातो आणि दिवसभर तीच त्याची लक्ष्मणरेषा. बाहेर ट्रॅक्टर, छोटे टेम्पो ओळीने उभे असतात. शेतकरी विचारतो, “आज भाव काय शे, भाऊ?” गेटवरचा माणूस उत्तर देण्याआधी गाडीत कोपरापर्यंत हात घालतो, खालचा कापूस ओढून काढतो, एक सरकी दाताखाली धरतो. कडक फुटली तर कापूस वाळलेला, दबली तर ओला. ओलावा मोजायचं यंत्र शेजारीच असतं, तेही लावतात, पण दाताचा निकाल आधी लागतो.

हे ओलाव्याचं प्रकरण दिसतं त्यापेक्षा मोठं आहे. भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, ८ टक्के ओलावा प्रमाण मानतं आणि १२ टक्क्यांच्या वरचा कापूस घेत नाही. १२ टक्के ओलाव्याचा शंभर किलो कापूस ८ टक्क्यांवर येईपर्यंत ९५ किलो ६५० ग्रॅम उरतो. ७,२०० च्या भावात ३१३ रुपये हवेत गेले. गणेश चतुर्थीला खानदेशात मुहूर्ताची खरेदी होते, तेव्हाचा पहिल्या वेचणीचा बागायती कापूस ओला असतो. पूर्वहंगामी लागवडीमुळे आपल्याकडे कापूस इतर भागांच्या आधी येतो, त्यामुळे हा प्रश्नही आपल्याकडे आधी येतो. हार घालून, पेढे वाटून दिलेल्या त्या भावावर हंगामाचा अंदाज बांधू नये, असं मला ठामपणे वाटतं. तो मानाचा भाव असतो.

भाव ठरला, कापूस आत आला, आता नियंत्रण सुरू होतं. त्यासाठी एक साधं रजिस्टर आहे. एका बाजूला भुईकाट्यावरून आत आलेला कापूस, दुसऱ्या बाजूला बांधलेल्या गाठींचं वजन, भरलेली सरकी आणि घट. दोन्ही बाजू रोज संध्याकाळी जुळल्या पाहिजेत. एका संध्याकाळी त्या जुळल्या, पण उतारा, म्हणजे कापसातून निघणाऱ्या रुईचं प्रमाण, बसला नाही. सकाळी नमुन्याच्या छोट्या जिनवर ३४.१ टक्के आलेला उतारा रजिस्टरला ३३.२ दिसत होता. घट नेहमीइतकीच होती. म्हणजे रुई कुठे उडून गेली नव्हती, ती सरकीबरोबर बाहेर पडत होती. आप्पा उठले आणि थेट सरकीच्या ढिगाकडे गेले. मूठभर सरकी तळहातावर घेऊन बोटाने चोळली. दाण्यांवर पांढरे तंतू लटकत होते. मग एकेका डबल रोलर जिनखालची सरकी तपासत गेले. ओळीतल्या शेवटच्या काही मशिनांचे रोलर गुळगुळीत झाले होते, त्यांना पुन्हा खाचा पाडायला हव्या होत्या.

त्या दिवशी सहाशे क्विंटल कापूस चालला होता. त्यावर ०.९ टक्के म्हणजे ५४० किलो रुई, दीड खंडी. रुईच्या भावाने ८३ हजार रुपये. ती सरकीच्या वजनात विकली गेली म्हणून १९ हजार परत आले. निव्वळ फटका ६४ हजारांचा, तोही एका दिवसाचा. ताळेबंदात हा तोटा वेगळा दिसलाच नसता. कापूस खरेदी तेवढीच, विक्री थोडी कमी, नफा थोडा कमी, आणि मार्चमध्ये सगळ्यांनी बाजाराला दोष दिला असता. रजिस्टर त्याच दिवशी लिहिलं गेलं म्हणून तो रात्रीच्या पाळीत थांबला.

धुळे जिल्ह्यात शिरपूरकडे गेलो तेव्हा याच हिशेबाची दुसरी बाजू समजली. शिरपूरहून आग्रा महामार्गाने वर निघालं की पळासनेरनंतर मध्य प्रदेश लागतो आणि थोड्याच अंतरावर सेंधवा, तिकडची मोठी कापूसपेठ. पश्चिमेला गुजरात आहे. तिथल्या जिनांचे व्यापारी खानदेशात खेडा खरेदी करतात. इथल्या जिनरला केवळ शेजारच्या जिनशी नव्हे, दोन राज्यांशी भावाची तुलना करावी लागते. कापूस सीमेपार गेला की इथली यंत्रं रिकामी राहतात आणि रिकाम्या यंत्राचाही खर्च असतोच.

क्विंटलचे ते २५० रुपये आठवा. त्यातले साधारण १७० रुपये कापूस चालला तरच होतात: हमाली, वीज, गाठीच्या पट्ट्या, कापड, दलाली. उरलेले ८० रुपये म्हणजे कर्जाचे हप्ते, विमा, कायम माणसांचे पगार, विजेचा मागणी आकार. हंगामाला हा ठरीव खर्च ४० लाख धरू. गाठ १७० किलोची. ३४ टक्के उताऱ्याने एका गाठीला बरोबर पाच क्विंटल कापूस लागतो. दहा हजार गाठी झाल्या तर ठरीव खर्च गाठीमागे ४०० रुपये, क्विंटलमागे ८०. पाचच हजार झाल्या तर तो क्विंटलमागे १६० होतो, पडतळ ५५,३८९ वर जाते आणि मघाचा ४४८ रुपयांचा फायदा ३८९ रुपयांच्या तोट्यात बदलतो. भाव हललेला नाही, हलली ती फक्त आवक.

इथेच बरेच जिनर घाबरून खरेदी बंद करतात. शिरपूरकडचे एक तरुण व्यवस्थापक मात्र दोन पडतळी ठेवतात. एक पूर्ण खर्चाची, दुसरी फक्त चालू खर्चाची. ७,२०० च्या कापसाला चालू खर्चाची पडतळ येते ५३,७१४. रुई ५४,००० ला जात असेल तर पूर्ण हिशेबाने तोटा आहे, पण खंडीमागे २८६ रुपये ठरीव खर्चाच्या वाट्याला येतात. यंत्र बंद ठेवलं तर तेही येत नाहीत. म्हणून ते चालवतात. रुई ५३,७१४ च्या खाली गेली की थांबतात, मग कोणी कितीही आग्रह करो. हंगाम आखताना मात्र ते पूर्ण पडतळच वापरतात, कारण चालू खर्चावर वर्षानुवर्षं जिनिंग चालवली तर रोलर बदलायलाही पैसा उरत नाही. एकाच कारखान्याचे दोन खर्च आणि दोन्ही खरे. कोणता कधी वापरायचा हे ज्याला कळलं त्याला व्यवस्थापन कळलं, असं मी म्हणेन.

सीसीआयसाठी गाठी बांधून द्यायचं काम घ्यायचं की स्वतः कापूस घ्यायचा, हाही निर्णय याच कागदावर होतो. सीसीआयच्या कामात भावाची जोखीम महामंडळाची, जिनरला गाठीमागे ठरलेला दर. पण उताऱ्याची अट असते, ती पाळली नाही तर भरपाई द्यावी लागते. स्वतःच्या खरेदीत भांडवल अडकतं. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा ५ टक्के जीएसटी खरेदीदारानेच भरायचा, हा नियम १५ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. तो नंतर वळता होतो, पण मधल्या काळाचं व्याज जिनरचंच. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० झाला. त्याच काळात, १९ ऑगस्ट २०२५ पासून, रुईवरचं ११ टक्के आयात शुल्क माफ झालं आणि ती माफी पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. हमीभावाने घेतलेल्या कापसाची पडतळ आयात रुईसमोर बसेना. शेतकरी सीसीआयच्या केंद्रांकडे वळले आणि जिनरही सीसीआयच्या कामाकडे.

पडतळ न बघता केलेल्या खरेदीचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच राज्यात घडलं. १९७२ मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. हेतू शेतकऱ्याला आधार देण्याचा होता आणि तो चांगला होता. पण बाहेर भाव चढला की खानदेशातला कापूस रातोरात सीमेपार जायचा आणि बाहेर भाव पडला की सगळा योजनेच्या केंद्रावर यायचा. चढ्या बाजाराचा नफा हातून जायचा, पडत्या बाजाराचा माल अंगावर यायचा. तोटा साचत गेला आणि योजना अखेर गुंडाळावी लागली. व्यक्तींनाही हाच धडा मिळाला. मे २०२२ मध्ये रुई खंडीला एक लाखावर गेली होती. तोच भाव डोळ्यांपुढे ठेवून पुढच्या हंगामात कापूस भरणारे जिनर आणि घरात साठवणारे शेतकरी, दोघेही अडकले.

या सगळ्यात एक माणूस पडतळीच्या कागदापासून दूर राहतो आणि मला त्याची चिंता आहे. कापूस पिकवणारा शेतकरी वजनावर विकतो. त्याच्या कापसाचा उतारा ३३ आहे की ३५, हे जिनरला छोट्या जिनवर कळतं, त्याला कळत नाही. वर जे ७,२४३ आले ते ३४ टक्क्यांचे. ३५ टक्के उताऱ्याच्या कापसाला तेच गणित ७,३६२ रुपये देतं. क्विंटलला ११९ रुपयांचा फरक, पन्नास क्विंटलवर जवळपास सहा हजार. चांगलं वाण लावणाऱ्याला, स्वच्छ वेचणी करणाऱ्याला हे सहा हजार मिळायला हवेत. राज्याच्या स्मार्ट प्रकल्पात काही गावांतल्या गटांनी एकच वाण लावून, गाठी बांधून रुई विकण्याची वाट धरली आहे. प्रत्येकाला तिथवर जाता येणार नाही. पण नमुना काढून घेणं कोणत्याही गटाला जमेल. जामनेर, चोपडा, पाचोरा, शिंदखेडा, दोंडाईचा, कुठलेही असा, येत्या हंगामात गाड्या भरण्याआधी गटाच्या कापसाचा उतारा एकदा काढून घ्या, सरकीचा आणि रुईचा भाव विचारा आणि वरची बेरीज-वजाबाकी स्वतः करून मगच गेटवर जा.