बिनतारी जाळें व घरधन्याची जबाबदारी

चाकण, म्हाळुंगे, भोसरी या पट्ट्यांत कारखाने वाढले, तशा शेतकऱ्यांच्या मळ्यांलगत कामगारांसाठीं भाड्याच्या खोल्याही उठल्या. आतां पुष्कळ घरधनी खोलीबरोबर वाय-फायही देतात, व त्याच जोडणीवर स्वतः बाजारभाव पाहतात आणि बँकेचे व्यवहार करतात. सोय उत्तम, परंतु तिजसंबंधीं वाचकबंधूंस एक इशारा देणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

बिनतारी लहरींस बांध ठाऊक नाहीं. ओटीवरच्या राउटरच्या लहरी रस्त्यावरील परक्यासही मिळतात. पाटाचें दार मोकळें टाकलें तर पाणी कोणी नेलें हें कळत नाहीं. वहींत नांव मात्र खातेदाराचेंच राहतें. येथेंही तसेंच आहे.

ता. २६ जुलै २००८ रोजीं अहमदाबादेंत बाँबस्फोट झाले. त्यापूर्वीं कांहीं मिनिटें धमकीचा ईमेल निघाला होता. त्याचा माग नवी मुंबईंतील एका घराच्या जोडणीपाशीं पोंचला. तिचा उपयोग दुसऱ्यांनींच केला होता. परंतु चौकशीस तोंड द्यावें लागलें तें घरांतील मनुष्यास. पुढें ऑगस्टांत माटुंग्याच्या खालसा कॉलेजचें, व सप्टेंबरांत दिल्लीच्या स्फोटांच्या वेळीं चेंबूरच्या एका कंपनीचें जाळें याच रीतीनें वापरलें गेलें. २००९ सालीं केंद्राच्या दूरसंचार विभागानें वाय-फाय सुरक्षित राखण्याविषयीं सूचना काढल्या.

जाळ्यास कुलूप असतें तें संकेतपद्धतीचें. १९९७ ची ‘वेप’ पद्धति २००१ सालींच कुचकामी ठरली. २००४ पासूनची डब्ल्यूपीए-२ पुष्कळ बळकट आहे. तींतही २०१७ सालीं बेल्जममधील संशोधकांनीं एक फट दाखविली व ती सुधारणांनीं बुजविण्यांत आली. २०१८ सालीं डब्ल्यूपीए-३ आली. मात्र परवलीचा शब्द दुबळा असल्यास डब्ल्यूपीए-२ चें कुलूपही अनुमानानें उघडतें.

म्हणून घरधन्यानें पुढील गोष्टी कराव्या. राउटरबरोबर आलेला मूळचा पासवर्ड पहिल्याच दिवशीं बदलावा. नवा पासवर्ड लांब असावा. गांवाचें नांव किंवा मोबाइलचा नंबर नसावा. डब्ल्यूपीए-२ किंवा ३ निवडावी व राउटरच्या सुधारणा वेळेवर घ्याव्या. भाडेकरूंस पाहुण्यांची निराळी जोडणी द्यावी, आणि खोली रिकामी होतांच तिचा पासवर्ड बदलावा. बाहेर फुकट मिळणाऱ्या अनोळखी जाळ्यावर बँकेचा व्यवहार करूं नये. ओळखीचें नांव लावून खोटें जाळें पसरणारेही असतात. फसवणूक झालीच, तर विलंब न करितां १९३० या क्रमांकावर कळवावें.

खोलीची किल्ली भाडेकरू गेल्यावर आपण परत घेतोंच. पासवर्ड परत घेतां येत नाहीं. तो बदलावाच लागतो, एवढें ध्यानांत ठेवावें.