खरा निघाला तरी विकायचा नाही

जुन्या कागदाचा भाव आता नांदेड-लातूरच्या रद्दीवाल्यांनाही कळतो. क्लासच्या नोट्स, गाइडं, प्रश्नसंच किलोवर जातात. पण त्याच पोत्यात 'मराठवाडा' दैनिकाचा १९७३ चा अंक निघाला आणि पहिल्या पानावर मानवतचं नाव दिसलं, की तो अंक बाजूला ठेवून माझ्यासारख्याला फोन केला जातो. मी जुनी मराठी पुस्तकं आणि नियतकालिकं तपासून ऑनलाइन विकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली आणि मानवतच्या खून खटल्याशी संबंधित काहीही मागणारे ग्राहक वाढले. मागणी वाढली तसे खोटे कागदही निघू लागले.

मानवत हे परभणी जिल्ह्यातलं गाव. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात तिथे दहा खून झाले. बळी गेल्या त्या मुली आणि बायका. गुप्तधनासाठी आणि मूल होण्यासाठी हे नरबळी दिले गेले, असा आरोप होता. रामन राघव या मालिका-खुन्याच्या प्रकरणाचा तपास करणारे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी मुंबईहून या तपासासाठी आले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७७ मध्ये निकाल लागला. मेलेल्यांचे नातेवाईक आजही याच भागात राहत असतील, हे लक्षात ठेवूनच असा कागद हातात घ्यावा लागतो.

लातूरच्या गंजगोलाईजवळ एका दुकानदाराने माझ्यापुढे आठ पानांची पुस्तिका ठेवली. खटल्याची हकिगत, वर्ष १९७४. "एकदम ओरिजनल हाय भाऊ, पुण्याचे लोक मागायलेत," तो म्हणाला. अशा वेळी आधी वाचायचं नाही, बघायचं. दुकानाच्या दारात उन्हाकडे पान तिरकं धरलं. त्या काळी तालुक्या-जिल्ह्याच्या गावात अशा पुस्तिका खिळे जुळवून छापत. शिशाचा खिळा कागदावर दाबला जातो, म्हणून पानाच्या पाठीवर बोट फिरवलं तर अक्षरांचा उठाव लागतो. इथे पाठ सपाट होती. भिंगाखाली अक्षरांच्या कडेला काळ्या भुकटीचे कण विखुरलेले दिसले आणि पान कलतं केल्यावर अक्षर चमकलं. लेझर प्रिंटरची किंवा झेरॉक्सची शाई अशी कागदावर बसते, आत मुरत नाही.

मग कागद. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद हवा आणि उजेड लागतो तिथून पिवळा पडतो: आधी कडा, मग घड्या, मधला भाग सगळ्यांत शेवटी. चहाच्या पाण्यात बुडवलेला कागद सगळीकडे सारखाच तपकिरी होतो. नोटा तपासायचा जांभळा दिवा त्यावर धरला, की आजचा झेरॉक्सचा कागद निळसर पांढरा उजळतो, कारण त्यात चकाकी आणणारी रसायनं असतात. जुना वर्तमानपत्री कागद मंदच राहतो.

यानंतर मजकूर. पुस्तिकेतले 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे होते, संगणकावरच्या मंगल फॉन्टमध्ये असतात तसे. मराठी छापखान्यांचे खिळे मराठी वळणाचे असत. शेवटच्या पानावर मुद्रकाचा पत्ता होता: 'जि. लातूर'. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला. १९७४ च्या पुस्तिकेत तो असूच शकत नाही. अशा तारखा मी वहीत लिहून ठेवल्या आहेत. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. जालना जिल्हा १९८१ चा, हिंगोली १९९९ चा. शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये बदलले, त्याआधीच्या छपाईत न उच्चारले जाणारे अनुस्वार भेटतात. शाई आणि कागद बनवणारा हुशार असला तरी त्याच्या हातून नकाशा चुकतो.

दुकानदाराला मी प्रत्येक खूण दाखवली. त्यानेही ती पुस्तिका खरी समजून, एका गठ्ठ्यात घेतली होती. म्हणून मी त्याला एकच गोष्ट सांगितली: गठ्ठा घेतानाच कुणाच्या घरातून आला, केव्हा आला, ते पाकिटावर लिहून ठेवा. मानवतच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने माफीच्या साक्षीदाराच्या जबानीची चर्चा केली आहे. त्याच्या शब्दाला स्वतंत्र पुराव्याचा आधार हवा, हे तत्त्व त्यात आहे. विकणाऱ्याने सांगितलेल्या हकिगतीलाही मी हाच नियम लावतो. 'आजोबा पोलिसात होते' एवढ्यावर काहीच ठरत नाही.

खरी अडचण पुढची आहे. वर्तमानपत्र किंवा पुस्तक खरं ठरलं की विकता येतं, कारण ते विकण्यासाठीच छापलेलं असतं. पण नांदेडमध्ये माझ्याकडे पंचनामा म्हणून कागद येतात, जबाब म्हणून येतात, मृतदेहाचे फोटो म्हणून येतात. ते खोटे असतील तर ग्राहकाची फसवणूक. आणि खरे असतील तर? पोलीस ठाण्याचा मूळ कागद सरकारी दप्तराचा असतो. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ अशा दप्तरासाठीच आहे. तो कागद रद्दीत आला याचा अर्थ तो कुठल्यातरी कपाटातून नियमाबाहेर निघाला. मुद्देमालाचंही तसंच. खटला संपल्यावर तो नष्ट करायचा, जप्त करायचा की हक्कदाराला द्यायचा, हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५२ खाली न्यायालयच ठरवत असे. 'खुनातला कोयता' विकायला आणणाऱ्याकडे मी त्या आदेशाची प्रत मागतो. अजून कुणी दाखवलेली नाही.

राहिली नक्कल, म्हणजे न्यायालयाने शिक्का-सही करून रीतसर दिलेली प्रत. ती पक्षकाराच्या मालकीची असते, बेकायदा काही नाही. तरी तीही मी यादीत घेत नाही. मारल्या गेलेल्या मुलींच्या अंगावरच्या जखमांचं वर्णन त्यात असतं आणि ते दिवाणखान्यात ठेवण्यासाठी मागणारा ग्राहक असतो. अशी प्रत अभ्यासकाला किंवा ग्रंथालयाला द्यावी, असं मी आणणाऱ्याला सांगतो. अमेरिकेत हाच वाद पंचवीस वर्षांपूर्वी झाला. ह्यूस्टनमधले पीडितांसाठी काम करणारे अँडी काहान यांनी खुन्यांच्या वस्तूंच्या विक्रीविरुद्ध आवाज उठवला आणि २००१ मध्ये ईबे या लिलावाच्या संकेतस्थळाने ती विक्री बंद केली. आपल्याकडे हा बाजार आत्ताच सुरू होतो आहे. त्याचे नियम इथल्या विक्रेत्यांनी आताच घालून घ्यावेत.

मी घातलेले नियम साधे आहेत. छापील आणि प्रसिद्ध झालेलंच विकायचं. पानाच्या दोन्ही बाजूंचे, कडांचे आणि तिरक्या उजेडातले फोटो द्यायचे. अंक कुठून मिळाला ते लिहायचं, दुरुस्ती केली असेल तर सांगायची आणि शंका असेल तर 'खात्री नाही' असं ठळक छापायचं. त्याने भाव उतरतो. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या मराठवाड्याने भीतीत काढलेल्या दिवसांचा पुरावा या अंकांत आहे. त्यात एक खोटं पान मिसळलं, तर उद्याचा वाचक खऱ्या पानांवरही विश्वास ठेवणार नाही.